साबणाच्या डबीतली बाई

२ मार्च, सोमवार

आजपासून मला रस्ता दाखवला जाणार आहे.

अठरा वर्षं मी पाच गावांतल्या दवाखान्यांमधून रक्ताचे नमुने गोळा करतो आणि थंड पेटीत घालून मोटरसायकलवरून लॅबमध्ये आणतो. इतक्या वर्षांत एकदाही रस्ता चुकलो नाही. बहुधा तीच माझी चूक असावी. नवे व्यवस्थापक आले आहेत. वय माझ्या मोटरसायकलपेक्षा थोडंसं जास्त. आल्या आल्या त्यांनी भिंतीवर मोठा नकाशा लावला आणि त्यात रंगीत टाचण्या टोचल्या. दुपारच्या चहापर्यंत त्यांचं नाव टाचणीसाहेब पडलं होतं.

"प्रत्येकाने मोबाइलवर नकाशा लावायचा," टाचणीसाहेब म्हणाले. "नकाशा निळी रेघ दाखवेल. तिच्यावरून जायचं. अर्ध्या किलोमीटरहून जास्त बाहेर गेलात की आपोआप लाल खूण पडेल."

"लाल खुणा साठल्या की काही बक्षीस?" पहिलवानाने विचारलं. पहिलवान म्हणजे दुसऱ्या मार्गावरचा आमचा माणूस. वजन, पेटी धरून, पन्नास किलो.

"महिन्यात दहा झाल्या की मार्ग जाणार. मग मागच्या खोलीत बाटल्यांवर चिठ्ठ्या लावायच्या."

पहिलवानाचा विनोद तिथेच संपला. मागच्या खोलीला खिडकी नाही. तिथे जो गेला तो निवृत्त होऊनच बाहेर आला. मी बसून काम करणारा माणूस नाही. गाडी चालवताना मनातल्या मनात देवाचं नाव घेतो, तीच माझी पूजा. बाटल्यांवर चिठ्ठ्या लावताना नाव घेतलं तर चिठ्ठीवर रुग्णाच्या जागी देवच छापला जायचा.

"साहेब, मोबाइल लॅब देणार का?"

"तुमच्याकडे आहेच की."

"आणि तो हँडलला लावायचा होल्डर?"

"अहो, तो तर फारच स्वस्त मिळतो."

हा आठवडा सरावाचा. खुणा येत्या सोमवारपासून.

३ मार्च

फारच स्वस्त होल्डर पाहून आलो. दुकानदाराने तीन दाखवले. पहिल्याच्या किमतीत मागचं टायर आलं असतं. दुसऱ्याच्या किमतीत ट्यूब. तिसरा खरंच स्वस्त होता. दुकानदार स्वतःच म्हणाला, "काका, हा नेऊ नका, खड्डा आला की मोबाइल तुमच्या आधी पोहोचेल." असा खरं बोलणारा माणूस धंद्यात कसा टिकला, देव जाणे. मी त्याला नमस्कार करून काही न घेता परत आलो.

लेकीने तिचा जुना मोबाइल दिला. एक कोपरा तडकलेला आहे. ती म्हणाली, "बाबा, तुझा चांगला लावू नकोस. मोटरसायकलच्या थरथरीने कॅमेरा खराब होतो." म्हणजे नमुने अठरा वर्षं थरथरत आले तरी चालले, पण कॅमेरा नाजूक.

होल्डर मी घरीच केला. साबणाची प्लॅस्टिकची डबी, तळाला जुन्या चपलेचा तुकडा, सगळ्यावरून सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या. वर झाकणाला खिडकी कापली. धूळ जाऊ नये म्हणून पारदर्शक पिशवी. ही बघत होती. (ही म्हणजे आमची ही. डायरीत नाव लिहायची सवय नाही.)

"छान झालंय," ही म्हणाली. "पण आता अंघोळीला साबण कुठे ठेवायचा?"

"खिडकीत."

"आणि हे लेथवर नीट कोणी करून दिलं असतं तर?"

मी पट्टी ओढून बांधत होतो, त्यामुळे ऐकू आलं नाही.

४ मार्च

डबीत एक बाई राहते. पाचही दवाखाने तिला ठाऊक आहेत. आवाज गोड, स्वभाव हट्टी. देवाचं नाव घ्यायला लागलो की नेमकी मध्ये बोलते: "दोनशे मीटरवर डावीकडे वळा." पुन्हा नाव घेतो, की "डावीकडे वळा." अकरा वेळा नाव घेतलं, त्यात सात वेळा डावीकडे वळलो.

नकाशाही गरगर फिरतो. गावच्या शाळेत गुरुजींनी शिकवलं होतं, नकाशात वर उत्तर. इथे मी तोंड करीन तिकडे वर. आख्खी पृथ्वी माझ्या मागे मागे वळते. सुरुवातीला बरं वाटलं, मग लाज वाटली.

पाचवा दवाखाना सोडला की तिठा लागतो. उजवीकडचा रस्ता रेल्वे फाटकावरून, डावीकडचा कालव्याच्या कडेने. दोन्ही शेवटी मोठ्या इस्पितळापाशी निघतात, लॅब त्याच्या समोरच. मी नेहमी कालव्याने येतो. बाई म्हणाली, उजवीकडे. मी डावीकडे वळलो. ती जरा गप्प बसली. मग म्हणाली, "शक्य असेल तेव्हा मागे वळा." पुढचे सहा किलोमीटर हेच. आमच्या लग्नाला चोवीस वर्षं झाली, पण इतक्या सातत्याने मला कोणी मागे वळायला सांगितलेलं नाही.

७ मार्च

सरावाच्या रेघा टाचणीसाहेबांनी पाहिल्या.

"काका, तिठ्यावरून रोज कालव्याने का? फाटकाचा रस्ता आठ किलोमीटर, चौदा मिनिटं. कालव्याचा चौदा किलोमीटर, एकतीस मिनिटं."

"फाटकाकडे खड्डे आहेत साहेब. नमुने हिंदकळतात."

"तिकडे दोन वर्षांपूर्वी डांबर झालंय."

"वरून दिसायला आहे."

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि टाचणी टोचली.

९ मार्च, सोमवार

लाल खूण पहिली. ती कशी दिसते ते बघायचं होतं. साधीच असते.

१० मार्च

लाल खूण दुसरी.

आज एक ज्ञान मिळालं. मी समजत होतो की वाटेत रस्ता बघायचा म्हणजे नेट खर्च होणार, म्हणून पाच मिनिटं चालू, पाच मिनिटं बंद असं करत होतो. लेक हसून हसून पडली. "बाबा, उपग्रह फुकट असतात. नेट फक्त नकाशाला लागतं. तो घरी एकदाच उतरवून घे." उतरवला. आता ॲप दिवसभर फुकट चालतं, आणि मी कुठे कुठे गेलो ती रेघ लॅबमध्ये आल्यावर तिथल्या नेटवर आपोआप वर चढते. म्हणजे माझी चुगली मीच करतो, तीही फुकट.

माणसांनी आकाशात उपग्रह सोडले आणि ते काही मागत नाहीत. देव आणि उपग्रह, दोघांनाही आपण कुठे आहोत ते कळतं आणि दोघेही फुकट. फरक एवढाच की देव लाल खुणा देत नाही. निदान लगेच देत नाही.

१२ मार्च

चौथी खूण. तिचं काही वाटलं नाही. वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं.

रात्रीचं जेवण चाललं होतं. मोबाइल ओट्यावर होता. तो टिंग करून वाजला. लेकीने उचलून वाचलं.

"काय म्हणतोय?"

"विचारतोय... तुम्ही या जागी रोज थांबता. हे तुमचं घर आहे का? हो, नाही, नंतर विचारा."

"कुठली जागा?"

"कालव्याचा रस्ता. शटर आहे एक, निळं." मग मान वर करून, "बाबा, मोठ्या काकांचा लेथ ना तो?"

आता यात विशेष काय आहे? तिथे गतिरोधक आहे. माझी गाडी जुनी, इंजिन तापतं, म्हणून दोन मिनिटं बंद करून उभा राहतो. रस्त्याच्या पलीकडे, चिंचेखाली. समोर कोणाचं दुकान असावं हे माझ्या हातात नाही. दादाचा लेथ तिथे माझ्या थांबण्याच्या आधीपासून आहे, आणि अकरा वर्षांत मी रस्ता ओलांडलेला नाही. याला घर म्हणणारा मोबाइल किती हुशार ते दिसलंच.

मी "नंतर विचारा" दाबलं. ही भात वाढताना म्हणाली, "'नाही' का नाही दाबलंत?"

"बोट घसरलं."

"बोटच ना?" ही म्हणाली.

१४ मार्च

सहावी. पहिलवानाच्या शून्य. तो म्हणतो, "काका, बाई सांगेल तसं जायचं, विचार करायचाच नाही. डोकं कसं हलकं राहतं बघ." त्याचं आधीही जड नव्हतं.

दुपारी उन्हाने मोबाइल तापून बंद पडला. पडद्यावर लिहून आलं, थंड झाल्यावर सुरू होईल. पेटीतल्या बर्फाच्या पिशवीवर ठेवला. आता पेटीत रक्ताशेजारी बाई.

१७ मार्च

आठवी. शिवाय सकाळी गाडी सुरू होईना. मोबाइल वाटेत चार्ज व्हावा म्हणून मी हेडलाइटच्या वायरवरून एक छोटा चार्जर जोडला होता. रात्री काढायचा राहिला आणि तो बॅटरी पिऊन बसला. तेवीस किका मारल्या. शेजारीण गच्चीतून म्हणाली, "भाऊजी, सकाळी सकाळी व्यायाम छान!" शेवटी गाडी सुरू झाली. आता चार्जरला बटण लावलं आहे आणि बटणावर चिठ्ठी: "आधी मला बंद करा." मागच्या खोलीतल्या कामाचा सराव म्हणून चिठ्ठी नीट चिकटवली.

१८ मार्च

नववी.

टाचणीसाहेबांनी खोलीत बोलावलं. आवाज चढवला नाही. बसा म्हणाले, त्यामुळे मी घाबरलो.

"काका, तुमच्याइतका नियमित माणूस आमच्याकडे नाही. अठरा वर्षांत एक नमुना वाया नाही गेला. मला तुम्हाला मागच्या खोलीत पाठवायचं नाहीये. पण नियम मीच केलाय. फाटकाने या ना."

"बघतो साहेब."

"बघू नका. या."

घरी हिला सांगितलं. हिने हातातली भाजी खाली ठेवली. "अहो, एकच राहिली. चिठ्ठ्या चिकटवत बसाल का? तुम्ही एका जागी देवापुढेसुद्धा बसत नाही." आणि मग, माझ्याकडे न बघता, "फाटक काही खात नाही."

१९ मार्च

फाटकाने आलो. उघडं होतं. बघितलं नाही, सरळ ओलांडलं. बाई म्हणाली, "सरळ जात राहा." आज पहिल्यांदा आमचं एकमत झालं. खड्डे नाहीत. डांबर आहे. टाचणीसाहेबांनी ते मुद्दाम केलेलं नाही हे मला समजतं.

लाल खूण नाही.

२१ मार्च, शनिवार

फाटक बंद होतं.

मी पहिला होतो, अगदी दांड्याला चाक लावून. इंजिन बंद केलं. मागे ट्रॅक्टर, टेम्पो, दोन शाळेच्या बसा. कानात वायर घालून गाडी चालवायची नाही असा टाचणीसाहेबांचा परवाचा नवा नियम, म्हणून बाई मोठ्याने बोलते. शांततेत डबीतून ती म्हणाली, "सरळ जात राहा." ट्रॅक्टरवाला ओरडला, "जा ना काका, बाई सांगतेय ती!" सगळे हसले. मीही हसलो असेन.

मालगाडी होती. डबे मोजले, अठ्ठावन्न. तेव्हाही मालगाडी होती. तेव्हा मोजले नव्हते.

हे कधी लिहिलेलं नाही. लिहून ठेवतो. अकरा वर्षांपूर्वी सकाळी वडिलांच्या छातीत कळ आली. दादाने शेजाऱ्याची गाडी मागून आणली, तो चालवत होता, मी शेजारी, आप्पा मागे वहिनीच्या मांडीवर. तिठ्यावर दादा म्हणाला कालव्याने जाऊ. मी म्हटलं, फाटकाने. मी रोज जातो, मला रस्ते ठाऊक आहेत, तू लेथवर बसणारा माणूस. दादाने ऐकलं. फाटक बंद होतं. इस्पितळात पोहोचलो तेव्हा डॉक्टरांनी मान हलवली. व्हरांड्यात दादा माझ्याकडे वळून दोनच शब्द बोलला: "तुझा रस्ता."

त्यानंतर आम्ही बोललेलो नाही. मोटरसायकल आप्पांची. ती माझ्याकडे आली, दादाने मागितली नाही.

आज फाटक अकरा मिनिटं बंद होतं. मोबाइलमध्ये सगळं लिहिलेलं असतं: तिठ्यापासून लॅबच्या दारापर्यंत पंचवीस मिनिटं. कालव्याने एकतीस लागतात. रोजच लागतात, नऊ लाल खुणा साक्षीला आहेत.

बंद फाटक धरूनही सहा मिनिटं कमी.

मी तीनदा पाहिलं. उपग्रहाचं घड्याळ चुकत नाही म्हणतात. चुकलंही असेल.

२२ मार्च, रविवार

जेवण गेलं नाही. ऊन फार आहे.

२३ मार्च

फाटक उघडं. चौदा मिनिटं.

लेकीने विचारलं, "बाबा, काल दिवसभर मोबाइलमध्ये काय बघत होतास?"

"नकाशा."

"रविवारी? कुठे जायचं होतं?"

"कुठेच नाही," मी म्हटलं. ते खरंच आहे.

२५ मार्च

डबी गेली. फाटकातले रूळ ओलांडताना दणका बसला, चपलेचा तुकडा निसटला, झाकण उडालं आणि मोबाइल हवेतून जाऊन खडीवर पडला. मी थांबून उचलला. तडा आता चारही कोपऱ्यांत सारखा आहे, दिसायला बरा दिसतो. बाई जिवंत होती. म्हणाली, "तुम्ही पोहोचला आहात."

उरलेला रस्ता मोबाइल हँडलला रुमालाने बांधून आलो. रुमालातून बाई अशी बोलते की जणू तिचं तोंड कोणी दाबलं आहे. तिचा मला इतका राग होता, पण आज कीव आली.

२८ मार्च

टाचणीसाहेबांनी रुमाल पाहिला. "काका, हा पडून कोणाच्या डोक्यात बसला तर? सोमवारी नीट पक्का होल्डर दिसला पाहिजे. नाहीतर खूण देईन. एक आहे ना तुमची बाकी?"

बाकी आहे, पण ती देण्याची त्यांना एवढी काळजी असेल असं वाटलं नव्हतं.

दुकानात गेलो. तो खरं बोलणारा दुकानदार म्हणाला, "तुमच्या हँडलला यातला एकही बसायचा नाही. हँडल जाडं आहे, जुन्या बनावटीचं. लेथवर करून घ्या. कोणी लेथवाला ओळखीचा आहे का?"

सगळं गाव त्या एका प्रश्नावर येऊन उभं आहे.

घरी आलो तर हिने तुटलेली साबणाची डबी धुऊन, पुसून, पिशवीत घालून ठेवलेली. "उद्या रविवार आहे," ही म्हणाली. "ड्युटी नाही, रेघ नाही. कालव्याने गेलात तरी कोणी खूण देणार नाही."

२९ मार्च, रविवार

सकाळी दहाला निघालो. बाईला बंद करून नेलं. हा रस्ता मला ठाऊक आहे.

चिंचेखाली थांबलो. इंजिन बंद केलं. दोन मिनिटं झाली. पाच झाली. इंजिन इतकं थंड कधीच झालं नसेल. देवाचं नाव घ्यायला लागलो तर आठवेना. मग डबीची पिशवी घेऊन रस्ता ओलांडला.

दादा लेथवर वाकलेला होता. केस सगळे पांढरे. पलीकडून पांढरे दिसत नव्हते. त्याने वर पाहिलं, लेथ बंद केला, चाक फिरायचं थांबू दिलं.

"गाडीला काय झालं?" त्याने विचारलं.

"गाडीला नाही. याला." मी डबी पुढे केली.

त्याने ती उलटीपालटी करून पाहिली. चपलेचा तुकडा बोटाने दाबला. "हे कोणी केलं?"

"मी."

"दिसतंय," दादा म्हणाला. "हस्तकलेत तुला गुरुजींनी वीसपैकी चार दिले होते, तेही दयेने."

"पाच."

"चार. गुणपत्रिकेवर सही आप्पांच्या नावाने मी केली होती."

मग मी गाडी चिंचेखालून ढकलत शटरपाशी आणली. त्याने हँडलचं माप घेतलं, ॲल्युमिनियमचा तुकडा लावला. मी स्टुलावर बसलो. अकरा वर्षांपूर्वी ते स्टूल लाल होतं. लेथ सुरू झाल्यावर बोलणं सोपं गेलं, कारण नीट ऐकू येत नाही.

"दादा, मी मोजलं," मी म्हटलं. "मागच्या आठवड्यात फाटक बंद होतं. अकरा मिनिटं. तरी कालव्यापेक्षा सहा मिनिटं आधी पोहोचलो. यात सगळं लिहिलेलं आहे." मी तडकलेला मोबाइल पुढे केला.

त्याने तो घेतला नाही. लेथ बंद केला.

"मला माहीत आहे," दादा म्हणाला.

"कसं?"

"आप्पांचं झालं, त्याच्या दुसऱ्या रविवारी मी तीच गाडी मागून आणली. आधी कालव्याने गेलो. मग फाटकाने. फाटक उघडं होतं, तरी मध्येच नऊ मिनिटं उभा राहिलो. तेव्हा नऊ मिनिटं बंद होतं, मी घड्याळ पाहिलं होतं. मागचे लोक हॉर्न मारत होते, एक जण उतरून मारायला आला. त्याला म्हटलं, नऊ मिनिटं होऊ दे, मग मार." त्याने कापसाने हात पुसले. पुसून झालेले हात पुन्हा पुसले. "तुझा रस्ता सात मिनिटांनी जवळ होता."

"मग सांगितलं का नाहीस?"

"काय सांगू? बोलून बसलो होतो. आणि लगेच तू कालव्याने जायला लागलास. रोज तिथे, चिंचेखाली. म्हटलं, आज येईल. आज येईल." मग एकदम चिडून, "अकरा वर्षं इंजिन तापतं तुझं? कसली गाडी चालवतोस?"

"आप्पांची आहे," मी म्हटलं.

त्यावर तो आतल्या बाजूला गेला आणि उगाचच बोल्टांचा डबा शोधत राहिला. डबा बाहेर टेबलावरच होता. मी सांगितलं नाही.

होल्डर असा झाला आहे की मोटरसायकल मोडेल पण तो नाही. तळाला रबर, चारी बाजूंनी कडा, वरून एक नट आणि त्यावर दुसरा नट आवळलेला. "हा जन्मात सैल होणार नाही," दादा म्हणाला. मी पैशाचं विचारलं तर त्याने पाना असा उचलला की मी विषय बदलला. साबणाची डबी त्याने ठेवून घेतली. तिच्यात आता स्क्रू आहेत.

निघताना वहिनीने वरच्या खिडकीतून पाहिलं आणि आत जाऊन कोणाला तरी मोठ्याने फोन लावला. घरी पोहोचलो तेव्हा हिला सगळं माहीत होतं. उपग्रह उगाच सोडले.

३१ मार्च

निकाल. पहिलवान शून्य, मी नऊ. मार्ग राहिला. टाचणीसाहेबांनी होल्डर हलवून पाहिला, मग दोन्ही हातांनी हलवून पाहिला, मग म्हणाले, "कुठून घेतला? मला सगळ्यांसाठी हवा."

"मिळत नाही साहेब," मी म्हटलं.

८ एप्रिल

टाचणीसाहेबांनी कागद दिला. ड्युटी संपल्यावरही माझं ॲप चालूच असतं. बंद कसं करायचं ते मला येत नाही असं मी त्यांना सांगितलं आहे. त्यात दिसतं की रोज संध्याकाळी घरी जाताना काका उलट दिशेला, कालव्याच्या रस्त्याला जातात आणि एका निळ्या शटरपाशी चाळीस मिनिटं थांबतात. लॅबचा मोबाइल नाही, लॅबचं पेट्रोल नाही, पण ॲप लॅबचं, म्हणून लेखी कारण द्यावे.

मी लिहिलं: "होल्डरचा नट रोज सैल होतो. तो घट्ट करून घ्यावा लागतो."

त्याखाली तासाभरात शेरा आला: "कारागीर बदलावा."

संध्याकाळी दादाला वाचून दाखवला. तो इतका हसला की वहिनी वरून खाली आली. मग डोळे पुसत म्हणाला, "तू? एवढा देवाचं नाव घेणारा, आणि कागदावर धडधडीत खोटं?"

हे मला दुपारपासून टोचत होतंच. मी म्हटलं, "मग काय लिहू?"

त्याने पाना घेतला, माझ्या गाडीपाशी गेला आणि जन्मात सैल न होणारा नट अर्धा फेरा सैल केला. पाना माझ्या हातात दिला.

"कर घट्ट," म्हणाला. "उद्या पुन्हा सैल करून ठेवतो."